खालचं, वरचं

ग्लेनिसने पडद्यावरच दोघांना नावं दिली:
खालचं आणि वरचं.
जणू एकाच जिन्यावरचे दोन भाडेकरू.
पिशव्या वेगळ्या, वार वेगळी, मधे पातळ पडदा.
"भांडण नको म्हणून," ती म्हणाली,
आणि माझ्या पोटावरचं जेल
निळ्या कागदाने पुसलं, ओटा पुसावा तसं.

मग फॉर्म. चार चौकटी.
तिन्ही तपासा.
फक्त डाउन्स.
फक्त ते दुसरे दोन, ज्यांना डॉक्टरांची आडनावं आहेत
आणि ज्यांत बाळं बहुधा फार दिवस काढत नाहीत.
किंवा काहीच नको.
घाई नाही, म्हणाली, पण चौदा आठवड्यांच्या पुढे नको.

मी परभणीची.
मावशीच्या दवाखान्यात, भिंतीवर, लाल अक्षरांत:
येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.
जोडाक्षरं मी त्या पाटीवर शिकले.
न सांगणं हा कायदा असू शकतो
हे बाराखडीबरोबरच कळलं.
शेफील्डमध्ये पाटी नाही. इथे विचारतात,
तुम्हाला किती कळायला हवंय?

पुष्करला सगळं कळायला हवंय.
जुनी गाडी घेतानाही तो टायरखाली वाकून बघतो.
रात्री गॅसबिलाच्या पाकिटावर त्याने मांडलं:
दीडशेत एक. समजा.
मग रक्ताची पुढची तपासणी. समजा, ती म्हणाली, शक्यता आहे.
"कुठल्याची?" मी विचारलं.
त्याने पेन खाली ठेवलं.
रक्त माझं, दोघांचा अंश त्यात विरघळलेला.
साखर कुणी घातली
ते चहा सांगत नाही.
मग सुई. दोन घरांत, दोनदा.
आणि सुईमुळे एखादं निसटलं
तर ज्याचं सगळं नीट होतं तेच निसटेल, असंही होतं.
कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.
वरण लागलं.

विनूकाका.
त्याच्या असण्याला कुणी नाव दिलं नव्हतं.
"तो तसाच आहे," एवढंच निदान.
सेलूच्या स्टँडवर रोज दुपारी उभा राहून
सुटणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायचा.
ड्रायव्हर हॉर्न द्यायचे.
माझ्या वेणीला त्याच्याइतकी घट्ट रिबीन
कुणी बांधली नाही.
आणि आजोबांनंतर त्याला कुणी ठेवायचं
यावरून दोन काका तीन वर्षं बोलत नव्हते एकमेकांशी.
हेही सांगायला हवं.
चौतिसाव्या वर्षी गेला. हृदयाला भोक होतं
ते तेव्हा कळलं.

पुष्करला मी आधी फक्त रिबिनीचं सांगितलं.
नंतर, दिवा मालवल्यावर, ते दुसरंही.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
"मला भीती वाटते," म्हणाला.
मला वाटलं होतं तो आकडा सांगेल.

अकरा आठवडे, सहा दिवस.
वॉकलीच्या उतारावर दव गोठलेलं,
शेजारचा म्हातारा पायरीवर मीठ टाकतोय.
मी तिसऱ्या चौकटीत खूण केली.
ते दोन. फक्त तेवढे.
रडायची तयारी लागणार असेल
तर ती आधी हवी.
विनूकाकाची चौकट कोरी.

"कोरी म्हणजे हो की नाही?"
"कोरी म्हणजे कोरी."
उद्या मी बदलेनही. तसं त्याला सांगितलं.
त्याची सही लागतच नव्हती,
तरी माझ्या सहीपुढे त्याने तारीख घातली,
जानेवारीत सगळे घालतात तशी, गेल्या वर्षाची,
मग खोडून नीट केली.
चालेल का खोडलेलं, ग्लेनिसला विचारायचंय.

थांब्यावर पोचलो तोवर
बस आमच्यासमोरून भरून सुटली.
मी तिला हात केला.
हॉर्न आला नाही.
पुष्करने विचारलं, कोण होतं ओळखीचं?